रोग्याची हकीकत

मुंबईच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयांत सकाळीं गेलें, तर खाटांच्या रांगांमधून पांढरे डगले घातलेले विद्यार्थी वह्या घेऊन हिंडतांना दिसतात. पुस्तकांतील शरीर त्यांनीं पाठ केलेलें असतें. आजारी माणसाशीं गांठ येथें प्रथमच पडते.

अशाच एका विद्यार्थ्यापुढें पंचविशीची एक बाई आहे, असें कल्पावें. पांचवा महिना चालू आहे. चालतांना धाप लागते, पाय सुजतात. विद्यार्थी 'किती दिवस?', 'ताप येतो?', 'खोकला आहे?' असे प्रश्न भराभर टाकतो आणि गरोदरपणांत असें व्हावयाचेंच, असा निकाल मनाशीं देऊन मोकळा होतो. हा निकाल अगदींच वेडगळ नव्हे. गर्भवतीला थोडीबहुत धाप लागतेच. इतक्यांत शिक्षक येतात, खाटेजवळ स्टूल ओढून बसतात आणि म्हणतात, "बाई, काय काय होतें, तें तुम्हींच सांगा पाहूं." मग ते गप्प राहतात.

बाई आधीं घरचें गाऱ्हाणें सांगते. पाणी तळमजल्यावरून आणावें लागतें, सासूबाई थकल्या आहेत. विद्यार्थी चुळबुळ करूं लागतो. बोलतां बोलतां ती सांगून जाते कीं, आडवें पडलें म्हणजे जीव घाबरतो, म्हणून महिनाभर ती भिंतीला टेकूनच झोंपते आहे.

"लहानपणीं कधीं सांधे सुजले होते?"

"होय, सातवींत असतांना. आज गुडघा, तर उद्यां मनगट. ताप होता. शाळा बुडाली होती."

लहानपणच्या त्या सांध्यांच्या तापानें हृदयाच्या डाव्या बाजूची झडप पुढें हळूहळू आंखडूं शकते. वर्षानुवर्षें कांहीं कळत नाहीं. गरोदरपणीं रक्ताचें प्रमाण वाढतें, तें अरुंद दारांतून पुढें सरत नाहीं आणि फुप्फुसांत तुंबतें. हें वेळीं ओळखलें नाहीं, तर प्रसूतीच्या सुमारास प्राणावर बेततें.

शंका आली म्हणजे कानानें काय ऐकावयाचें तें ठरतें. बाईची परवानगी घेऊन, पडदा ओढून, परिचारिकेस जवळ उभी करून शिक्षक तिला डाव्या कुशीवर वळावयास सांगतात आणि स्टेथॉस्कोपची घंटेसारखी बाजू छातीवर अलगद टेकवितात. आंखडलेल्या झडपेचा आवाज खोल व मंद असतो; घंटा जोरानें दाबली तर तो नाहींसाही होतो. विद्यार्थ्याला पहिल्यांदा कांहींच ऐकूं येत नाहीं. प्रामाणिक असेल तर तो तसें सांगतो. पुष्कळजण मान डोलावतात, आणि ही मान डोलावण्याची खोड पुढें फार महाग पडते. दहा रोग्यांच्या छातीवर कान लावल्यावर अकराव्याच्या छातींत तो आवाज आपोआप उमटतो.

हें उपकरणही एका रोग्यामुळेंच जन्मास आलें. १८१६ सालीं पॅरिसच्या नेकेर रुग्णालयांत लाएनेक ह्या वैद्यापुढें हृदयविकाराची एक स्थूल तरुणी आली. छातीस कान लावणें शोभेना, म्हणून त्यानें कागदाची सुरळी करून ती छातीवर टेकविली, आणि हृदयाचे ठोके त्यास पूर्वींपेक्षां स्पष्ट ऐकूं आले. त्याआधीं १७६१ सालीं व्हिएन्ना येथील आउएनब्रुगर ह्यानें बोटांनीं छाती ठोकून आंतील पाणी ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली होती. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंपें ठोकून पाहतांना त्यास ही युक्ति सुचली, असें सांगतात. आपल्याकडे वाग्भटानें पाहणें, स्पर्श करणें आणि विचारणें हीं रोगीपरीक्षेचीं तीन साधनें सांगितलींच आहेत.

त्यांतलें विचारणें सोपें वाटतें, आणि तेंच सर्वांत अवघड आहे. ह्या कामीं भाषा हवी. मराठी माणूस नुसतें 'दुखतें' म्हणून थांबत नाहीं. गळूं ठणकतें, पोटांत कळ येते किंवा मुरडा होतो, पाठींत चमक भरते, छातींत जळजळतें, पायाला मुंग्या येतात. परप्रांतांतून आलेल्या विद्यार्थ्यानें ह्या सर्वांपुढें 'वेदना' एवढाच शब्द लिहिला, तर अर्धें निदान तेथेंच सांडलें.

१९७५ सालीं इंग्लंडांत बाह्यरुग्ण विभागांतील ८० नव्या रोग्यांचा अभ्यास झाला. त्यांपैकीं ६६ जणांचें निदान, पाठविणाऱ्या डॉक्टरांचें पत्र आणि रोग्याची हकीकत एवढ्यावरच बरोबर ठरलें होतें. शरीरतपासणीचा उपयोग ७ जणांत झाला व प्रयोगशाळेचा ७ जणांत. उलट १९८४ सालच्या एका अमेरिकन पाहणींत, रोगी बोलूं लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांतच त्याचें बोलणें तोडतात, असें आढळलें. तेव्हांपासून यंत्रें पुष्कळ सुधारलीं. परंतु भिंतीला टेकून झोंपणारी बाई यंत्रापर्यंत जावयाची, ती कोणी तिची झोंप विचारली तरच.

आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांत २०१९ पासून रोग्याशीं बोलण्याचें शिक्षण रीतसर समाविष्ट झालें आहे, हें बरें झालें. मात्र तें व्याख्यानाच्या दालनांत किती साधेल, ह्याची शंकाच आहे. विल्यम ऑस्लर ह्यानें बाल्टिमोर येथें विद्यार्थ्यांस व्याख्यानगृहांतून उठवून खाटांजवळ नेलें, आणि वॉर्डांत विद्यार्थ्यांना शिकविलें एवढेंच आपल्या स्मृतिलेखांत असावें, अशी इच्छा त्यानें प्रकट केली.

इकडे बाईला हृदयाच्या तपासणीसाठीं पाठविण्याची चिठ्ठी लिहून झाली आहे. शिक्षक पुढें गेले आहेत. विद्यार्थी शेजारच्या खाटेकडे वळतो. तेथें एक म्हातारा खोकत बसला आहे. वही उघडण्यापूर्वीं विद्यार्थी इकडेतिकडे पाहतो आणि कोपऱ्यांतलें स्टूल उचलून आणतो.