गेटावरचा मंच कोणाचा?

(नामविस्तार दिनाच्या तोंडावर छत्रपती संभाजीनगर येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी मुंबईच्या गोदीत बोजा उचलतो आणि कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. संस्कृती या शब्दाची व्याख्या मला विचारू नका. पण ओझं कोण वाहतं आणि मालावर छाप कोणाची बसते, एवढं गोदीनं शिकवलंय. कला महोत्सवावर बोल म्हणालात, तर मी याच हिशेबानं बोलणार.

तुमच्या शहरात एकाच डोंगराच्या कुशीत दोन उत्सव भरतात. पहिला सरकारी. वेरूळ-अजिंठा महोत्सव. आधी तो वेरूळला कैलास लेण्यापाशी भरायचा, मग शहरात सोनेरी महालाकडं आला. मधी काही वर्षं बंद पडला, 2023 च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाला. सतार, तबला, कथक. तिकीट, पास, मान्यवरांची पुढची रांग.

दुसरा उत्सव 14 जानेवारीचा. विद्यापीठाच्या गेटावर. त्याला तिकीट नाही. परभणी, नांदेड, जालना, बीडहून माणसं येतात. कडेवर पोर, पिशवीत भाकरी. बाई गेटाला हात लावते, तो हात कपाळाला लावते, मग पुस्तकाच्या दुकानाकडं वळते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं, निळे झेंडे, बुद्धाच्या मूर्ती, भीमगीतं. याला कोणी कला महोत्सव म्हणत नाही. वर्तमानपत्रवाले 'जनसागर लोटला' म्हणतात. म्हणजे आम्ही फक्त गर्दी, कला तिकडं!

गैरसमज नको. मी सतारीचा दुश्मन नाही. तबला वाजला की माझीही बोटं हलतात. पण मी विचारतो, त्या तबल्याचं कातडं कोणी कमावलं? हलगीवर बोटं फोडून घेणारा पिढ्यान् पिढ्या मांडवाबाहेर का उभा राहिला? वेरूळला चौतीस लेणी. एक ते बारा बौद्धांची. कैलासासाठी राष्ट्रकूट राजाचं नाव पोरं पाठ करतात. वरून खाली डोंगर कापत आणणाऱ्या पाथरवटाचं नाव सांगा. नाही सांगता येत. दहाव्या लेण्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात. लोकांनी तेवढी तरी आठवण ठेवली. बाकी सगळी छाप मालकाची.

आणि हीच वेरूळची वाट आपल्याशी कशी वागली, ऐका. 1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. दाराशी पाण्यानं भरलेला हौद. प्रवासाची धूळ होती, हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून. गर्दी जमली. किल्ला बघायला मिळाला तो पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, वर पहारा ठेवून. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलीय. जात धर्म ओलांडून पाझरते, हे त्यांनी तिथं दाखवलं. ज्यांच्या बुद्धाची लेणी, त्यांनाच वाटेत पाणी नाही. म्हणून कोणी 'वारसा' म्हणालं की मी आधी हौद आठवतो.

आता गेट. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेला मारलं. 1979 ला नागपुरातून लाँग मार्च निघाला. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नाव लागलं, तेही विस्तार करून. साडेपंधरा वर्षं. एका पाटीसाठी. हे गेट सिमेंटचं नाही मित्रांनो. इथं गाणारा माणूस मनोरंजन करत नाही, हिशेब वाचतो.

मंच ही आपल्याला कोणी दिलेली भीक नव्हे. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारखी माणसं आंबेडकरी जलसे घेऊन फिरली. याच शहरात, मिलिंद महाविद्यालयात, प्राचार्य म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' 1955 मध्ये खुद्द बाबासाहेबांसमोर झालं. सरकारी महोत्सव तेव्हा जन्मलाही नव्हता. वामनदादा कर्डक मुंबईत मजुरी करत अक्षरं शिकले आणि आयुष्यभर गात राहिले. हा आपला वारसा. पास लागत नाही.

मला एका गावानं वार्षिक महोत्सवाला बोलावलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, तशी गावं पुष्कळ. कार्यक्रमपत्रिकेत आमच्यासाठी अर्धा तास, रात्री साडेअकराला. संयोजक हळूच म्हणाला, "कविराज, जरा हलकंफुलकं घ्या, बायाबापड्या आहेत." समोर बघतो तर त्याच्या बायाबापड्या घरी गेलेल्या. खुर्च्या गोळा करणारी आमची पोरं तेवढी थांबलेली. मी त्यांना कविता वाचली. जड होती तीच वाचली. ओझं उचलणाऱ्याला जड कविता पेलते. हलकंफुलकं लागतं ते रिकाम्या हातांना.

पण शिव्या फक्त त्यांना घालून टाळ्या घेणार असाल तर मी निघतो. आपल्या गेटावर काय चाललंय? गट तितके मंच. एकाचा भोंगा दुसऱ्याच्या भाषणावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. फ्लेक्सवर नेत्याचा चेहरा बैलगाडीएवढा, पोचीरामाचं नाव शोधावं लागतं. शाहिरानं डफावर थाप मारली की डीजेनं ती गिळलीच म्हणून समजा. छाती हादरते, डोकं तसंच राहतं. त्यांनी आपला आवाज दाबला तेव्हा आपण रस्त्यावर आलो. आता आपणच आपला शाहीर दाबतोय, तर कोणाविरुद्ध मोर्चा काढायचा?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. या 14 जानेवारीला गेटावर एक मंच असा ठेवा की ज्यावर कोणत्याच गटाचा फलक नाही. सुरुवातीला नामांतरातल्या शहिदांची नावं वाचा, सावकाश, गावासकट. मग जलसा, पोवाडा, हलगी, कविता. हलगीवाल्याला मधोमध बसवा. गाणाऱ्या बाईला नेत्याची वाट बघत ताटकळत ठेवू नका. आणि बिदागी द्या. चळवळीच्या नावावर कलावंताला फुकट राबवणं हीसुद्धा वेठबिगारीच. पैसा कुठून, म्हणाल. डीजेच्या भाड्यातून.

सोनेरी महालाकडं जायचं तर जा, सतार ऐका. सरकारी पैशात आपलाही घाम आहे, तिथंही हक्क मागा. पण आपला मंच मोडून तिथली रात्रीची साडेअकराची वेळ मागू नका. ज्याच्याकडं स्वतःचं गेट आहे त्यानं दुसऱ्याच्या दारात का उभं राहावं?

वर्गणीचं पुस्तक आणलंय. पहिली पावती माझी फाडा. गोदीच्या मजुरीची आहे.

जय भीम.