लोखंडाशिवायचा लोहचुंबक
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, ‘आयटीवर बोल.’ ते मी रोजच बोलते. आज पाच मिनिटं रसायनशास्त्र.

मुलगी अकरावीत आहे. इलेक्ट्रॉनच्या चौकटी भरताना, एक बाण वर, एक बाण खाली, तिने विचारलं, ‘आई, याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आपल्यातल्या कितीजणांनी गिळला होता! उत्तर शोधताना एक चुंबक सापडला.

चुंबकीय धातू कोणते? लोह, कोबाल्ट, निकेल, झोपेतही सांगू. भाषेनेही शिक्का मारलाय, म्हणतोच आपण लोहचुंबक. पण १९९५ साली पॅरिसच्या मिशेल व्हेर्दागे आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक चुंबक मांडला, त्यात या तिघांपैकी कोणीच नाही. आहेत व्हॅनेडियम, क्रोमियम आणि दोघांना जोडणारं सायनाइड.

दचकू नका. प्रॅक्टिकलला फेरिक क्षारात पोटॅशियम फेरोसायनाइड टाकलं की गर्द निळा साका पडायचा, तो याच घराण्यातला, प्रशियन ब्लू. त्यातलं सायनाइड लोहाने इतकं घट्ट धरलेलं असतं, की थॅलियमच्या विषबाधेवर तो औषध म्हणून पोटात देतात.

सायनाइड म्हणजे एक कार्बन, एक नायट्रोजन. दोन्ही टोकांना एकेक धातू, मध्ये हा पूल. अशा पुलांचं घनाकृती जाळं. चुंबकत्व येतं जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे, आणि ते एकमेकांशी ‘बोलतात’ या पुलावरून. प्रशियन ब्लूमध्ये नायट्रोजनकडच्या लोहात असे पाच एकटे इलेक्ट्रॉन, पण कार्बनकडच्या लोहात एकही नाही. म्हणजे निरोप मुक्या शेजाऱ्याला ओलांडून पलीकडच्या घरी पोचवायचा. म्हणून प्रशियन ब्लू चुंबक होतो खरा, पण उणे २६७ अंशांच्या आसपास!

व्हेर्दागेंच्या गटाने दोन्ही टोकांना बोलके धातू बसवले. क्रोमियमकडे तीन एकटे इलेक्ट्रॉन, व्हॅनेडियमकडे दोन किंवा तीन, आणि तेही अशा कक्षकांत की पुलावरून त्यांची गाठ पक्की पडावी. गंमत म्हणजे ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेने उभे राहतात. रस्सीखेचच! पण दोन्ही बाजू समसमान नाहीत. वजाबाकीत जे थोडं उरतं तेच त्या पदार्थाचं चुंबकत्व. खेच जबरदस्त, म्हणून उष्णतेला ही रांग सहज मोडता येत नाही.

मला भावलं ते हे, की यात अंधारात दगड मारणं नव्हतं. कोणता धातू कुठल्या टोकाला, हे त्यांनी कक्षकांचा विचार करून निवडलं. आपण मार्कांसाठी भरल्या त्याच चौकटी.

हा चुंबक ४२ अंशांपर्यंत टिकतो. पॅरिसला ठीक आहे, पण अकोल्याच्या मे महिन्यात भर दुपारी त्याने मान टाकली असती. त्या गटाने याचाच खेळ केला: नमुना साध्या चुंबकाजवळ टांगला, दिव्याच्या उजेडाने तापला की सुटायचा, निवला की परत ओढला जायचा. १९९९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात याच कुळातला, १०३ अंशांपर्यंत टिकणारा चुंबक झाला. मात्र ही मंडळी हवेत बिघडतात. घरी करून दाखवणं शक्य नाही.

निळा साका मात्र शक्य आहे. सर, शाळेच्या प्रयोगशाळेत फेरोसायनाइडची बाटली अजून असेल, तर उद्या लेकीला घेऊन येऊ का?