बटाट्याच्या कंदातील स्टार्चची घडण

बटाट्याच्या ताज्या कंदात सुमारे 80 टक्के पाणी असते आणि उरलेल्या घन भागात निम्म्याहून पुष्कळ अधिक वाटा एकट्या स्टार्चचा असतो, ही गोष्ट आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. परंतु पानांमध्ये सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने निर्माण झालेली विद्राव्य शर्करा जमिनीखालच्या अंधारात उतरून ह्या शुभ्र, अविद्राव्य कणांचे रूप कोणत्या क्रमाने धारण करते, ह्याचा उलगडा मोठ्या विलंबाने झाला, आणि तो होताना शास्त्रज्ञांस एक प्रस्थापित समजूत सोडून द्यावी लागली.

सन 1940 मध्ये केंब्रिज येथे चार्ल्स हेन्स ह्यांनी बटाट्यातील फॉस्फोरिलेज ह्या एन्झाइमाच्या योगे ग्लुकोज-1-फॉस्फेटापासून परीक्षानळीत स्टार्च तयार करून दाखविला. हे यश इतके प्रत्ययकारी होते की, कंदातही हेच घडत असावे असे गृहीत धरले जाणे स्वाभाविकच होते. जिवंत पेशीत मात्र मुक्त फॉस्फेटाचे प्रमाण इतके असते की, तेथे हे एन्झाइम स्टार्च जोडण्यापेक्षा तोडण्याकडेच झुकावे. ही अडचण दूर केली ती ब्यूनॉस आयरीस येथील लुई लेलवार ह्यांच्या प्रयोगशाळेने. ग्लुकोज एडीपी ह्या न्यूक्लिओटाइडास जोडून दिले असता स्टार्चची साखळी झपाट्याने वाढते, हे तेथे 1961 साली सिद्ध झाले, आणि लेलवार ह्यांस 1970 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच शर्करा-न्यूक्लिओटाइडांवरील संशोधनाबद्दल.

आता प्रत्यक्ष कंदाकडे वळू. जमिनीखालच्या आडव्या फांदीचे टोक फुगू लागले म्हणजे तेथील कारभारच पालटतो: तोवर सुक्रोज फोडण्याचे काम मुख्यत्वे इन्व्हर्टेज करीत असते, ते मागे पडून सुक्रोज सिंथेज पुढे येते, आणि त्याने मोकळे केलेले ग्लुकोज, काही रूपांतरांनंतर, अमायलोप्लास्ट नावाच्या सूक्ष्म कोशिकांगात प्रवेश करते. येथे एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरिलेज हे एन्झाइम जकातनाक्यावरील अंमलदारासारखे उभे असते. फॉस्फोग्लिसरिक आम्लाची आवक वाढली की त्याचे काम त्वरेने चालते, फॉस्फेट साचले की मंदावते, आणि कंदात सुक्रोज मुबलक येत असल्याची वर्दी मिळाली की त्याची क्रियाशीलता वाढते. त्याच्या हातून तयार झालेल्या एडीपी-ग्लुकोजापासून स्टार्च सिंथेज ह्या वर्गातील एन्झाइमे लांब साखळ्या विणतात, आणि शाखा निर्माण करणारी एन्झाइमे त्यांना फाटे फोडतात. शाखायुक्त अमायलोपेक्टिन सुमारे चार पंचमांश, आणि बहुतांशी सरळ असणारे अमायलोज सुमारे एक पंचमांश, असा हा हिशेब बसतो. ह्यांपैकी अमायलोज घडविणारे एन्झाइम स्टार्चच्या कणातच जखडलेले असते. ते नसलेला एक बटाटा नेदरलँड्समधील संशोधकांनी 1987 साली प्रसिद्धीस आणला, त्याच्या स्टार्चवर आयोडीन टाकले असता नेहमीच्या गडद निळ्या रंगाऐवजी तांबूस छटा उमटते.

ह्या सर्व कथेत मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटतात ते 1992 मधील दोन प्रयोग. बर्लिन येथील संशोधकांनी पायरोफॉस्फोरिलेजाची निर्मिती जनुकीय उपायांनी दाबून टाकली, तेव्हा कंदांतून स्टार्च जवळजवळ नाहीसा झाला, साखर साठली आणि कंदांची संख्याही वाढली. त्याच वर्षी अमेरिकेत, एका जीवाणूपासून घेतलेले, नियंत्रणास न जुमानणारे तेच एन्झाइम बटाट्यात घातले असता स्टार्चचे प्रमाण वाढल्याचे आढळले. परंतु पुढे दुसऱ्या वाणावर केलेल्या तशाच प्रयोगात स्टार्च बनण्याचा वेग वाढूनही साठा वाढला नाही, कारण जितका अधिक स्टार्च बनत होता तितका तो मोडतही होता. अमायलोप्लास्टात एटीपी, म्हणजे ऊर्जा, पोहोचविणारे वाहक प्रथिन वाढविल्यावर मात्र स्टार्च वाढल्याचेही दिसून आले. साऱ्या उत्पन्नाचा मुखत्यार एकच एन्झाइम आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. शर्करेचा पुरवठा, ऊर्जेचा पुरवठा आणि विघटन ह्या तिन्हींचा मेळ बसला तरच कंद भरतो.

आपल्याकडे हा प्रश्न निव्वळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. कंदात स्टार्च बनण्यास साधारण 20 अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान अनुकूल असते; उष्ण रात्रींत शर्करा श्वसनात खर्ची पडते आणि कंद धरण्याचीही क्रिया मंदावते. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो तो उंचीमुळे तेथे गारवा असतो म्हणून. इतरत्र मैदानी भागांत शेतकरी रब्बीची थंडी साधतात. शीतगृहात तापमान फार उतरले तर उलट अडचण उद्भवते: काही स्टार्च पुन्हा साखरेत परिवर्तित होतो आणि वेफर तळताना काळपट पडतात. म्हणून शेतकी महाविद्यालयांतील तरुण अभ्यासकांस माझी अशी विनंती आहे की, आपल्या पठारांवर आणि आपल्या उन्हाच्या तडाख्यात ह्या एन्झाइमांचे काय होते, ह्याची मोजणी त्यांनी आपल्या मातीतील कंद हाती घेऊन करावी; परदेशी प्रयोगशाळांतील थंड हवामानातले निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू पडतील, असे मानण्यास काही आधार नाही.