वनस्पतीतील द्रव्ये आणि आपले हृदय
(आरोग्य शिबिरात दिलेले व्याख्यान)



"डॉक्टर, रक्तदाबाच्या गोळ्या सोडून झाडपाल्याचे चूर्ण घेऊ का? झाडपाल्याने काही अपाय होत नाही ना?" असे मला बरेच जण विचारतात. आज या समजाविषयीच बोलायचे आहे.

आपल्या दारातली पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, सर्वांना ठाऊक आहे. तिच्या बिया पोटात गेल्या तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. त्याच जातीची द्रव्ये युरोपातल्या डिजिटॅलिस या झाडात असतात. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि मात्रा सांभाळली तरच ते औषध, हे दाखवून दिले. डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी त्याच कुळातली. विष आणि औषध यांत फरक मात्रेचा!

दुसरे उदाहरण आपल्या सर्पगंधेचे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा उपयोग तपासून १९४९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. पण त्याने काही रुग्णांना उदासीनता येते असेही आढळले. पुढे इतर औषधे आली आणि त्याचा वापर मागे पडला. सांगायचे एवढेच की, मुळीचीही परीक्षा करावी लागते.

तंबाखू हीसुद्धा वनस्पतीच आहे! तिच्यातील निकोटिनने नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. विडी काय, गुटखा काय आणि आमच्या माताभगिनींची मिश्री काय, निकोटिन सगळ्यांत आहे.

मग हृदयाला हितकारक काय? रोजचे साधे अन्न. कडधान्ये, जव, मेथीदाणे यांत विरघळणारा चोथा असतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते. हा चोथा त्यातले काही पित्त शौचावाटे बाहेर नेतो. ते भरून काढण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. जवसाच्या चटणीत हितकारक स्निग्धांश असतो, मात्र मीठ बेताने घाला. दिवसभराचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभरही नको. पापड-लोणच्यातले मीठही त्यातच धरा.

अन्न अन्नाच्या जागी, औषध औषधाच्या जागी. रक्तदाब नियमित तपासा. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. चूर्ण-काढा घेत असाल तर तेही न लाजता सांगा. घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की मुलांचे शिक्षण थांबते, हे आपण वस्तीत पाहिले आहे. ते टाळणे पुष्कळसे आपल्या हाती आहे.