टेपखालचा जोड

(१९९३ च्या दहावीच्या वर्गाच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून मी ऐकतोय. आपल्या वर्गातून दोन डॉक्टर झाले, एक तहसील कार्यालयात आहे, बऱ्याच जणी शिक्षिका आहेत, एक जण तर परदेशातून विमानाने आलाय. मी मात्र मोटारसायकलवर आलो, तीही गिऱ्हाइकाची. (हशा.) संयोजकांनी मला सांगितलं, "तू गॅरेजवाला आहेस, काहीतरी गमतीचं बोल." गमतीचं बोलायला मी कच्चा आहे. त्यामुळे मला जे येतं त्याबद्दलच बोलतो. हिटर प्लगबद्दल. आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल, कारण ती चूक आपल्या विज्ञानाच्या सरांच्या एका तासाशी जोडलेली आहे. सर समोरच बसलेत. तेव्हा पंचवीस वर्षांनी का होईना, उत्तर तपासून घेतो.

आपण दहावी झालो तेव्हा आपला जिल्हा धुळे होता. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला. तोवर माझं आयटीआयचं डिझेल मेकॅनिकचं शिक्षण आणि उमेदवारी संपली होती. पुढच्या वर्षी मी शहादा रस्त्यावर पत्र्याचं शेड टाकलं. खाली सपाटीवर आपली कापूस, ऊस, मिरची, केळी. वर सातपुडा. माझी निम्मी गिऱ्हाइकं वरची. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडची. माल आणि माणसं एकाच पिकअपमध्ये वाहणारी.

आता ज्यांनी डिझेल इंजिन कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेटतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं ना, तेच. फक्त इथे हवा विसाव्या हिश्श्याच्या आसपास दाबतात. पण जुन्या इंजिनांत, म्हणजे प्यूजो इंजिनाच्या जीपा, टाटा मोबाईल पिकअप, सुरुवातीच्या सुमो यांत, डिझेल सरळ सिलिंडरमध्ये पडत नाही. डोक्यातल्या एका छोट्या कोठीत पडतं. थंडीत त्या कोठीच्या भिंती हवेची उष्णता शोषून घेतात. म्हणून प्रत्येक कोठीत एक हिटर प्लग बसवलेला असतो. किल्ली अर्धी फिरवली की त्याचं टोक लालबुंद होतं आणि मग सेल्फ मारायचा. पुढे डीआय गाड्या आल्या आणि ही गरज बरीचशी संपली.

खाली शहाद्याला हिटर बंद असला तरी वर्षातले दहा महिने काही बिघडत नाही. वर तसं नाही. डाबला हिवाळ्यात दव गोठतं, ते तुम्ही दर वर्षी पेपरात वाचता. तिथे पहाटे पाचला हिटर नसलेली गाडी म्हणजे दगड. मग लोक काय काय करतात! कोणी हवेच्या नळीपाशी रॉकेलचा बोळा पेटवून धरतो. कोणी इथरचा फवारा मारतो. हिटर चालू असताना इथर मारला तर ते आतच भडकतं आणि इंजिन फुटायचीही भीती असते. आणि बहुतेक जण सगळ्यात सोपा उपाय करतात. रात्री गाडी उतारावर लावायची, चाकाला दगड द्यायचा आणि पहाटे दगड काढून गडगडत सोडायची.

हे शेवटचं लक्षात ठेवा.

२००८ च्या पावसाळ्यात धडगावच्या वरच्या पाड्यावरचे एक दादा पिकअप घेऊन आले. उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं. बाकीच्या वायरी मी नीट केल्या. राहिली हिटरची जाड वायर, रिलेपासून इंजिनवरच्या प्लगच्या पट्टीपर्यंत जाणारी. ती मधोमध कुरतडलेली होती. माझ्याकडे तेवढ्या जाडीची वायर नव्हती. संध्याकाळ झाली होती, दुसऱ्या दिवशी त्यांचा बाजार होता. मी बारीक वायरचा वीतभर तुकडा मध्ये घातला, दोन्हीकडे पीळ मारला, वर काळी टेप गुंडाळली. म्हणालो, "पुढच्या खेपेला पक्कं करू." ते हो म्हणाले. पुढच्या खेपेला ते विसरले आणि मीही विसरलो. विसरायचा हक्क त्यांना होता. मला नव्हता.

डिसेंबरात ते परत आले. "भाऊ, सकाळी गाडी चालू होत नाही." दुपारचे दोन वाजले होते, इंजिन गरम होतं. मी किल्ली मारली, अर्ध्या फेऱ्यात गाडी चालू. तरी तपासलं. हिटरची किल्ली दिली, रिले टक्कन वाजला. पट्टी सोडवली, वायरच्या टोकाला टेस्टिंगचा बल्ब लावला. लख्ख पेटला. म्हणजे वायरिंग ठीक, असा मी निकाल दिला. मग राहिलं काय? प्लग. चारही बदलले. प्लग आणि मजुरी मिळून पंधराशे रुपये घेतले. जुने प्लग तपासलेसुद्धा नाहीत, डब्यात टाकले. दोन मिनिटांचं काम होतं. बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगच्या टोकाला, एवढंच.

गाडी वर गेली. दुसऱ्या पहाटे चालू झाली नाही. तिसऱ्या पहाटेही नाही. त्या काळी पाड्यावर फोन लागायचा नाही. त्यांनी सगळे करतात तेच केलं, गाडी उतारावर लावायला लागले. चार-पाच दिवसांनी पहाटे त्यांचा बारा वर्षांचा पुतण्या दगड काढायला खाली बसला. दगड निघाला, पण मुलगा बाजूला व्हायच्या आत चाक त्याच्या पायावरून गेलं. हॅंडब्रेक जुनाच होता. त्याच गाडीने त्याला धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून नंदुरबारला. पायाची दोन हाडं मोडली होती.

आठवड्याने ते माझ्याकडे आले. मला वाटलं, आता बोलतील. ते काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, गाडी परत बघ. आता उतारावर लावत नाही."

मित्रांनो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी हत्यारांची पेटी आणि मल्टीमीटर घेतला आणि त्यांच्याच गाडीत बसून वर गेलो. थंडीचा दोष थंडीतच सापडतो, दुपारी शहाद्यात सापडत नाही. रात्री त्यांच्याकडेच भाकरी खाल्ली. तो मुलगा पायाला प्लास्टर घालून खाटेवर पडला होता आणि मी मल्टीमीटरशी काय करतो ते बघत होता. मला झोप लागेना. पडल्या पडल्या मला आपली प्रयोगशाळा आठवली.

सर, तुम्ही विसरला असाल. लाकडाच्या फळीवर तुम्ही दोन सेल आणि एक बल्ब लावला होता. मध्ये एक गंजलेली टाचणी होती. बल्ब मंद पेटत होता. तुम्ही विचारलंत, "सेल नवे, बल्ब नवा, मग उजेड कुठे गेला?" मी हात वर केला आणि म्हणालो, "सर, बल्ब बदला." सगळा वर्ग हसला होता. तुम्ही हसला नाहीत. टाचणीकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "बदलण्याआधी मोज."

पंधरा वर्षांनी मी पुन्हा बल्बच बदलला होता, आणि तेही चार.

पहाटे पाचला उठलो. एकाने बॅटरी धरली. या वेळी पट्टी सोडवली नाही, चारही प्लग जोडलेले ठेवून हिटर चालू केला. बॅटरीवर मोजलं, ११.८ व्होल्ट. ठीक. रिलेतून बाहेर पडताना मोजलं, ११.५. ठीक. मग प्लगच्या पट्टीवर मोजलं, ८. रिले आणि पट्टी यांच्यात दोन वितींची वायर आणि त्यात साडेतीन व्होल्ट गायब. मी त्या वायरवरून हात फिरवत गेलो. टेपवर बोट पडलं आणि चटका बसला. बाहेर आमच्या तोंडातून वाफ निघत होती आणि ती टेप मऊ होऊन चिकटत होती. उजेड कुठे गेला ते सापडलं, सर. माझ्याच जोडात गेला होता.

आता दुपारी बल्ब लख्ख का पेटला ते सांगतो, कारण इथेच पुष्कळ मेकॅनिक फसतात. टेस्टिंगच्या बल्बला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही. एवढा करंट कुजलेल्या जोडातूनही आरामात जातो. पण चार हिटर प्लग मिळून चाळीस-पन्नास अँपिअर मागतात. तेव्हा जोडातला अगदी दशांश ओहमचा अडथळाही तीन-साडेतीन व्होल्ट खातो. आणि व्होल्ट एक-तृतीयांशाच्या आसपास कमी झाले, तर उष्णता तेवढीच कमी होत नाही. ती वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे जवळजवळ निम्मीच उरते. प्लग तापत होते, पण पेट घेण्याइतके तापत नव्हते. भार नसताना सगळे जोड चांगलेच दिसतात. म्हणून मोजायचं ते भार टाकून.

या वेळी सोबत जाड वायर नेली होती. तुकडा कापून काढला. रिलेपासून पट्टीपर्यंत एकसंध वायर टाकली, दोन्ही टोकांना लग दाबून बसवले आणि वर डाख दिला. पट्टीच्या नटांखालचा गंज काढला. इंजिनच्या अर्थिंगची पट्टीही घासून घेतली, कारण प्लगचा करंट परत जातो तो इंजिनच्या लोखंडातूनच. पुन्हा मोजलं, ११.२. वीस आकडे मोजले आणि सेल्फ मारला. पहिल्या फेऱ्यात गाडी चालू झाली. सपाटीवर, घराच्या दारात. खाटेवरून तो पोरगा ओरडला. काय ओरडला ते मला कळलं नाही, त्यांच्या बोलीत होतं, पण कळायला काही अडचण नव्हती.

खाली आल्यावर मी डब्यातले जुने चार प्लग काढले आणि बॅटरीवर एकेक लावून बघितले. चारही लालबुंद झाले. मी पंधराशे रुपये परत केले. दादा घेत नव्हते. शेवटी म्हणालो, मुलाच्या औषधाला घ्या, तेव्हा घेतले. पण पैसे परत करून पाय परत येत नाही. हाड जुळलं, पोरगा चालायला लागला. त्या वर्षी मात्र त्याची आश्रमशाळेची परीक्षा बुडाली. ते वर्ष माझ्या नावावर आहे.

तेव्हापासून माझ्या गॅरेजात दोन नियम आहेत. घाईत केलेला तात्पुरता जोड असेल तर तो गिऱ्हाइकाच्या बिलावर लिहायचा, ठळक, आणि तारीख घालून. आणि कोणतीही वस्तू बदलण्याआधी जुनी मोजायची, गिऱ्हाइकासमोर. पोरं कुरकुर करतात, वेळ जातो म्हणतात. जाऊ दे.

हे सगळं मी आज का सांगितलं? गेल्या काही वर्षांत आपण इथे असताना एकमेकांशी किती बोललो आणि बाहेर गेल्यावर किती, हे आपल्याला माहीत आहे. आपले जोड भार नसताना लख्ख पेटतात. सकाळी ग्रुपवर शंभर फुलं येतात. गेल्या वर्षी आपल्यातल्या एकाचं दुकान जळालं, तेव्हा किती जण गेलो? मी स्वतः गेलो नव्हतो. त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाही. एवढंच म्हणतो की अधूनमधून भार टाकून मोजलं पाहिजे.

आता शेवटचं. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी सहा मल्टीमीटर आणलेत, साधेच आहेत. एक फळीही आणलीय. तिच्यावर बॅटरी, एक जुना हिटर प्लग आणि एक बटण आहे. मध्ये ही वायर बसवायची. (वायरचा तुकडा हातात धरतो.) हा तोच तुकडा आहे, माझ्या हाताचा पीळ आणि माझी टेप. दहा वर्षं गॅरेजात खिळ्याला टांगला होता. सर, मुलांना आधी टेपसकट दाखवा आणि विचारा, उष्णता कुठे गेली. कोणी म्हणालं "प्लग बदला", तर त्याला हसू देऊ नका.

मुख्याध्यापकांनी हा तुकडा ठेवून घ्यावा, ही विनंती. खिळा रिकामा झाला म्हणून मी विसरणार नाही.