ओळखीचे नाव आणि माहितीचे नाव

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला दहा मिनिटे दिली आहेत, म्हणून सरळ विषयावर येतो. मत कोणाला द्यायचे, फंडाचे पैसे कुठे ठेवायचे, पोराला कोणत्या क्लासला घालायचे, हे निर्णय आपण पुष्कळदा विचार करून घेतच नाही. "हे नाव ऐकलेलं आहे" एवढ्यावरच घेतो.

याला कोणी अडाणीपणा म्हणेल, आम्ही म्हणणार नाही. साचेखात्यात एवढा गोंगाट असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तरी आपल्या साच्याचा आवाज बदलला की जुना कामगार पाठमोरा असला तरी ओळखतो. तो काही हिशेब मांडत नाही, वर्षानुवर्षांची आठवण त्याच्या कानात बसलेली असते.

गोल्डस्टीन आणि गिगेरेन्झर या दोन संशोधकांनी हीच गोष्ट तपासली. त्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना विचारले, सॅन डिएगो आणि सॅन अँटोनिओ यात लोकसंख्येने मोठे शहर कोणते? त्या वेळी सॅन डिएगो मोठे होते. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी बरोबर सांगितले. तोच प्रश्न जर्मनीतल्या मुलांना विचारला, तर सगळ्यांचे उत्तर बरोबर! कारण काय, तर सॅन अँटोनिओ हे नाव त्यांच्यातल्या अनेकांनी ऐकलेच नव्हते. जे ऐकले तेच मोठे असणार, असे धरून चालले आणि बरोबर निघाले.

पण बघा, ते का जमले? शहर मोठे होते म्हणूनच त्याचे नाव दूरदेशी पोचले होते. तिथे कोणी पैसे देऊन नाव कानावर घातलेले नव्हते. आपल्या चौकात तसे असते का?

१९८९ साली लॅरी जेकोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अगदी साध्या, अप्रसिद्ध नावांची यादी वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी त्यांत खरी प्रसिद्ध नावे आणि काही नवी नावे मिसळून विचारले, यातले प्रसिद्ध कोण? तर कालच्या यादीतली साधी नावेही लोकांना प्रसिद्ध वाटू लागली. नाव ओळखीचे राहिले, पण ते कुठे वाचले याचा विसर पडला. एका रात्रीत माणूस प्रसिद्ध! चौकातला वाढदिवसाचा फलक म्हणजे हीच यादी खांबाला बांधलेली, दुसरे काय?

आता निवडणुकीचे घ्या. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. देशात साक्षरता होती १८ टक्क्यांच्या आसपास. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती. आपल्या आज्या-पणज्यांना अक्षर येत नव्हते, पण हत्ती कोणाचा आणि कशासाठी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या ओळखीमागे सभा होत्या, मोर्चे होते, बाबासाहेबांचे शब्द होते. चिन्ह म्हणजे फक्त खूण, माहिती आधीच झालेली.

माहिती नसताना नुसती खूण राहिली की काय होते? २०२४ च्या लोकसभेला एका पक्षाचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस, आणि अपक्षांना मिळणाऱ्या चिन्हांत ट्रम्पेट होते, त्यालाही मराठीत तुतारीच म्हटले गेले. साताऱ्यात ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७,०६२ मते पडली, आणि त्या पक्षाचा उमेदवार पडला ३२,७७१ मतांनी. दिंडोरीत तर ट्रम्पेटवाल्याचे आडनावही पक्षाच्या उमेदवाराचेच. त्याला एक लाखावर मते मिळाली! त्यातली किती मते चुकून पडली हे मोजता येत नाही, आणि पक्ष कोणता याच्याशी आम्हाला इथे कर्तव्य नाही. बटण दाबायच्या क्षणी आठवण आपल्याला कशी फसवू शकते, एवढेच दाखवायचे आहे.

मत पाच वर्षांनी परत येते, पैसा येत नाही. आमच्या खात्यातल्या एका जोडीदाराने ग्रॅच्युइटीची रक्कम एका योजनेत घातली. का, तर "नाव सगळीकडे दिसतंय". कार्यालयाला कुलूप लागल्यावर तो आमच्याकडे आला. नाव सगळीकडे दिसत होते हे खरेच होते. पैसे गोळा करायचे तर नाव दिसावेच लागते!

कालामसुत्त या विहारात अनेकदा सांगून झाले आहे, म्हणून दुसरा दाखला देतो. विशुद्धिमार्गात आचार्य बुद्धघोषांनी नाण्यांची उपमा दिली आहे. फळीवर नाणी पडली आहेत. लहान मूल पाहते, त्याला गोल-चौकोनी आकार आणि नक्षी दिसते. गावकरी पाहतो, त्याला कळते की याने वस्तू विकत मिळतात. सराफ मात्र वाजवून, हुंगून, तोलून बघतो आणि खरे कोणते, खोटे कोणते, भेसळीचे कोणते ते सांगतो. मुलाची ती संज्ञा, गावकऱ्याचे ते विज्ञान, सराफाची ती प्रज्ञा. ओळखीचे वाटणे ही संज्ञा झाली. ती वाईट नाही, पण तिच्या भरवशावर ग्रॅच्युइटी देऊ नये.

आमच्या महिला बचत गटाला हे बरे जमते. कोणी योजना आणली की बायका पहिल्यांदा विचारतात, "तुला कोणी सांगितलं? त्याला काय मिळतं?" सराफाचे वाजवून बघणे ते हेच. पुरुष मंडळींनी शिकावे.

तर समितीपुढे एक सूचना ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावे लागते. ते कोणालाही वाचता येते. निवडणूक लागली की रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास आपण सगळ्याच उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे इथे मोठ्याने वाचू. मत कोणाला द्या हे कोणी सांगायचे नाही. वाचायला कॉलेजची मुले लागतील. दोघांनी नावे दिली आहेत, अजून दोघे हवेत. कार्यक्रम संपल्यावर आम्ही बोधिवृक्षाखाली थांबतो आहोत.

जयभीम, नमो बुद्धाय.