मण्यारीच्या रुग्णाला मृत ठरवण्याची घाई



डॉक्टरांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलंत, आभार. निम्न तेरणा धरणाशेजारी एवढी नेटकी व्यवस्था केल्याबद्दल यजमानांचेही आभार. 'मज्जातंतू आणि स्नायूंची जोडणी' या विषयाचा आढावा मी घ्यावा, असं ठरलंय. तो थोडक्यात उरकतो, कारण मला भांडायचंय ते वेगळ्याच गोष्टीवरून.

गर्भात मज्जातंतूचं टोक स्नायूपाशी पोचलं की अ‍ॅग्रिन नावाचं प्रथिन सोडतं. त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलीनचे ग्राहक त्या टोकासमोर दाटीनं गोळा होतात. सुरुवातीला एकेका स्नायुतंतूवर अनेक मज्जातंतू हक्क सांगतात. पुढे एकच टिकतो. उंदरात ही छाटणी जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांत आटोपते. हे ग्राहक अभ्यासकांच्या हाती लागले ते एका सापामुळे. १९६३ साली चांग आणि ली यांनी तैवानी मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं केलं. ते ग्राहकाला इतकं घट्ट धरतं की पुढे त्याच्याच आधारे ग्राहक मोजता आले. त्याच विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिन मात्र पलीकडे, मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालतं. झाला आढावा.

आता आपली मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पान लागतं. सूज नाही, दाताची खूणही सापडेलच असं नाही. पहाटे पोटात कळ, मग पापण्या जड, मग थुंकी गिळवत नाही, शेवटी श्वास. प्रतिविष लवकर द्यायलाच हवं, पण ते फिरतं विष धरतं. विषानं निकामी केलेलं मज्जातंतूचं टोक ते दुरुस्त करत नाही. तरी दहा व्हायल की वीस, हा वाद प्रत्येक अधिवेशनात रंगतो. निओस्टिग्मीनचंही तेच, तेही टोक दुरुस्त करत नाही. नागाच्या दंशात त्या औषधानं पापणी उचललेली मी पाहिलीय. मण्यारीत त्याच औषधाच्या भरवशावर श्वासाची नळी घालायला उशीर करणारेही पाहिलेत. ते इथे बसलेत, नावं घेत नाही.

एका मोठ्या दवाखान्यातली गोष्ट. गोठ्यात झोपलेला तरणा सालगडी. बुबुळं विस्फारलेली, बॅटरीच्या उजेडाला दाद नाही, चिमट्याला हालचाल नाही. 'मेंदू गेलाय, घरी न्या,' असं त्याच्या पायथ्याशी उभं राहून नातेवाइकांना सांगितलं गेलं. मी हटलो नाही. म्हटलं, विषानं बुबुळाचीही जोडणी तोडलीय, मेंदूबद्दल तुम्हाला काय कळणार? वीज जाऊन व्हेंटिलेटर बंद पडला तेव्हा त्याच्या भावानं अँबू बॅग दाबली. मनगट भरून आलं की हात बदलायचा, पण थांबला नाही. काही दिवसांनी पायाचा अंगठा हलला. नळी निघाल्यावर पोरगा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "डागदर, तुमचं समदं ऐकू येत हुतं." घरी न्यायचं बोलणंसुद्धा.

मित्रहो, मज्जातंतूचं ते टोक पुन्हा वाढतं. जुन्याच जागी येतं, कारण तिथल्या पटलात अ‍ॅग्रिन शिल्लक असतं. गर्भात जे घडलं त्यातलं बरंच पुन्हा घडतं, काही काळ एका तंतूवर अनेक फांद्याही येतात. त्याला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस श्वास आपण पुरवायचा असतो. हे सगळं आपण पहिल्या वर्षाला पाठ करून पास झालो आणि वॉर्डात पाऊल टाकताच विसरलो. माझा राग तेवढ्यावर आहे. 'खेड्यात व्हेंटिलेटर कुठून आणायचे?' असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, पण व्हेंटिलेटर चालू असताना तो बंद करणाऱ्यांनी हा प्रश्न विचारू नये.

एक ठराव मांडतो: मण्यारीचा संशय असेल तर लकवा उतरेपर्यंत कुणीही रुग्णाला मेंदूमृत ठरवू नये. शिवाय गावोगाव अँबू बॅग दाबायला शिकवायचं आहे. कुठे, कधी, खर्च कुणाचा, ते कार्यकारिणी बघेल. ठरावाला विरोध असणाऱ्यांनी आत्ताच उभं राहावं. मागाहून जेवणाच्या पंगतीत कुजबुज नको.